अंगणमंचावरचा हंगाम

मराठी नाटकाला रंगमंचावर यायला आज दोन वाटा मोकळ्या आहेत. पहिली तिकीटबारीची. निर्माता पैसे घालतो, नाव असलेला नट मिळवतो, शनिवार-रविवारच्या तारखांसाठी धावपळ करतो आणि किती प्रयोगांत खर्च निघेल याचा हिशेब मांडूनच नारळ फोडतो. दुसरी वाट स्पर्धेची. १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा, १९६३ पासूनचा पुरुषोत्तम करंडक, गावोगावच्या एकांकिका स्पर्धा. तिथे घड्याळ असतं, परीक्षक असतात, निकालाची रात्र असते. या दोन्ही वाटांनी मराठी रंगभूमीला नट दिले, लेखक दिले, प्रेक्षकही दिला. तरीही काही नाटकं दोन्हीकडे अडतात. ज्यात वीस-पंचवीस माणसं सतत रंगमंचावर लागतात, ज्याचा नायक कोण हे ठरवता येत नाही, जे तासाभरात आटपत नाही, जे शंभर वर्षं जुनं आहे किंवा परवाच लिहून झालंय आणि अजून कच्चं आहे, अशा नाटकाला निर्माता मिळत नाही आणि स्पर्धेच्या नियमांत ते बसत नाही. विद्यापीठाचा नाट्यविभाग आणि त्याचा दरवर्षीचा नाट्यहंगाम ही अशा नाटकांची हक्काची जागा आहे. पुढची पानं त्या हंगामाविषयी आहेत.

बाहेरच्या माणसाला हा हंगाम परीक्षेचा भाग वाटतो. कागदोपत्री तो तसा असतोही. अमुक वर्गानं अमुक सत्रात एक निर्मिती करायची, पदव्युत्तर विद्यार्थ्यानं स्वतः दिग्दर्शित केलेला प्रयोग सादर करायचा, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिल्या रांगेत बसून गुण द्यायचे. पण एकदा प्रयोगाला जाऊन बसलं की परीक्षा मागे पडते. समोर नाटक असतं, तेही असं की जे शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही नाट्यगृहात त्या वर्षी पाहायला मिळणार नसतं. मी नाटकांविषयी लिहिणारा माणूस आहे, आणि मराठी रंगभूमीची तब्येत ओळखायची तर व्यावसायिक नाटकांच्या जाहिरातींइतकंच विद्यापीठांच्या सूचनाफलकाकडेही लक्ष ठेवावं असं माझं ठाम मत झालं आहे.

हे का म्हणतो, त्यासाठी एका जुन्या नाटकाची हकिकत सांगावी लागेल.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. एक गरोदर कुणबी बाई, तिला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, तिचा भाबडा नवरा, एक पाद्री आणि या सगळ्यांच्या मध्ये शिरून बोलत राहणारा विदूषक, अशी त्यातली माणसं. शेवटी नवरा-बायको दोघंही जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. विष्णुदास भाव्यांचं सांगलीतलं 'सीतास्वयंवर' १८४३ मधलं, अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० मधलं. या दोन ठळक टप्प्यांच्या मधोमध, पुराणातली कथा न घेता, गावातल्या चालू व्यवहारावर कुणीतरी मराठीत नाटक लिहिलं होतं. जोतीरावांनी ते मराठी ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं नाकारलं. त्यानंतर शतकाहून अधिक काळ ते छापूनही आलं नाही. बक्षीस देणाऱ्यांनी दार लावलं आणि नाटक कंपन्यांच्या दुनियेत त्याला थारा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

'तृतीय रत्न' वाचताना संवादरूपात लिहिलेलं प्रचारपत्रक वाटू शकतं, आणि अभ्यासक्रमात ते बऱ्याचदा तसंच शिकवलं जातं. उभं करायला घेतलं की वेगळेच प्रश्न पुढे येतात. विदूषक बोलतो ते जोशाला ऐकू येतं, की फक्त प्रेक्षकांना? ऐकू येत असेल तर जोशी चिडत का नाही? येत नसेल तर विदूषकानं उभं कुठे राहायचं? कुणब्याच्या घरात, की घराच्या उंबऱ्याबाहेर प्रेक्षकांच्या बाजूला? बाईच्या भीतीला प्रेक्षक हसला तर ते चालेल का? ही उत्तरं पुस्तकात सापडत नाहीत. चार-सहा मुलं, एक मोकळी खोली आणि महिनाभराची तालीम लागते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा मजकूर असा पारखून घेण्याइतका निवांत वेळ कुठल्या निर्मात्याकडे असणार? विद्यापीठाकडे तो असतो. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं नाव आहे. नाटकाच्या अखेरीला ज्या शाळेत ते जोडपं जातं, त्या शाळेच्या शिक्षिकेचं नाव. त्या विद्यापीठाच्या नाट्यविभागावर या नाटकाचं ऋण आहे असं मी मानतो, आणि मराठी शिकवणाऱ्या प्रत्येक विद्यापीठावर ते थोडंफार आहेच.

नाटक विद्यापीठात शिकवायचं ही कल्पना तशी फार जुनी नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी टेक या संस्थेनं १९१४ साली नाटकाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये जॉर्ज पीअर्स बेकर हे प्राध्यापक नाट्यलेखनाचा वर्ग घेत आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेली नाटकं प्रत्यक्ष करून पाहण्यासाठी त्यांनी एक कार्यशाळा चालवली होती. युजीन ओ'नील त्यांच्या वर्गात बसले होते. १९३६ चं नोबेल मिळालेला हा नाटककार. हार्वर्डला मात्र नाटकासाठी स्वतंत्र विभाग उभारायची निकड वाटली नाही. अखेर १९२५ मध्ये बेकर येल विद्यापीठात गेले आणि तिथे नाट्यविभाग उभा राहिला. बेकरांच्या आग्रहातला गाभा आजही खरा आहे. लिहिलेलं नाटक वर्गात वाचून त्यावर शेरे मारणं पुरेसं नसतं. ते उभं करायचं, परक्या प्रेक्षकांपुढे नेऊन ठेवायचं आणि कुठे माणसं चुळबुळतात ते लेखकानं मागच्या रांगेतून पाहायचं.

आपल्याकडे बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ या बाबतीत आघाडीवर होतं. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चं. संचालक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली तिथे शिकून परतलेल्या मराठी मुलामुलींनी शिस्तीची एक वेगळी रीत इकडे आणली. त्यांतले कमलाकर सोनटक्के औरंगाबादेत आले आणि मराठवाडा विद्यापीठात नाट्यविभाग उभा राहिला. मुंबई-पुण्याच्या बाहेर, जिथे चांगल्या नाट्यगृहाचीही वानवाच होती अशा प्रदेशात. पुढे त्या शहरातून आलेल्या लेखक-दिग्दर्शकांनी मुंबईच्या रंगभूमीचा पोत बदलला. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी ही दोन नावं पुरेशी आहेत. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं. संगीत, नृत्य, नाट्य एकाच छपराखाली, गुरुकुल पद्धतीनं. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ ची, वामन केंद्रे तिचे पहिले संचालक. कोल्हापूर, नांदेड इथल्या विद्यापीठांतही नाटक शिकवलं जातं, गोव्यात कला अकादमी ते काम करते. प्रत्येकाचा वकूब निराळा, पैसा निराळा. या प्रस्तावनेत मी पुण्याकडे जास्त पाहणार आहे, कारण तिथला हंगाम मी सर्वांत जवळून पाहिला आहे.

एका आक्षेपाचा मात्र आधीच विचार करायला हवा, कारण तो घेणारे लोक रंगभूमीवर मनापासून प्रेम करणारे आहेत. ते म्हणतात, नाटक शिकायला विभाग कशाला हवा? 'घाशीराम कोतवाल' कुणी केलं? जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दिवसा दवाखाना, रात्री तालीम. त्यांतल्या एकाकडेही नाटकाची पदवी नव्हती.

हे खरं आहे. पण त्या रात्रीच्या तालमी शक्य कशा झाल्या तेही पाहायला हवं. ही माणसं पुण्यात होती. राहायला जागा होती, महिन्याला पगार होता, आसपास भालबा केळकरांची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन (पीडीए) होती, भरत नाट्य मंदिर होतं, वाचायला आणि वाद घालायला माणसं होती. नाटकाचं शिक्षण ते घेतच होते, फक्त ते शिक्षण शहर पुरवत होतं. गडचिरोली, हिंगोली किंवा जतच्या मुलीला ते शहर कोण देणार? झाडीपट्टीतल्या मुलानं दिवाळी ते होळी रात्रभर चालणारी नाटकं लहानपणापासून पाहिलेली असतात, वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांचे पडदे त्याला पाठ असतात. रंगमंचाची त्याची जाण अस्सल असते. पण पुण्यात आल्यावर तालमीला बसायचं तर आधी खोलीचं भाडं उभं करावं लागतं. वसतिगृह, ग्रंथालय, दिवसाढवळ्या तालीम करायची मुभा आणि शेवटी हातात एक पदवी, ज्यामुळे घरचे काही वर्षं थांबायला तयार होतात. विभाग त्याला एवढं देतो. मराठी रंगभूमीवर कोण येऊ शकतं, हा प्रश्न या विभागांनी बराच बदलून टाकला आहे. आज टीव्हीवर, सिनेमात, प्रायोगिक नाटकात जे वेगवेगळ्या बोलींचे आवाज ऐकू येतात, त्यांतले पुष्कळ कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाच्या अंगणातून आलेले आहेत.

आणि ज्यांचा दाखला दिला जातो त्या आळेकरांनीच पुढे काय केलं? १९९६ मध्ये ते ललित कला केंद्राचे प्रमुख झाले आणि २००९ पर्यंत तिथे राहिले. 'महानिर्वाण' आणि 'बेगम बर्वे' लिहिणाऱ्या नाटककाराला विभाग उभारण्यात एवढी वर्षं घालवावीशी वाटली, यातच त्या आक्षेपाचं उत्तर आहे.

हंगामाची तयारी सुरू होते ती नाटक निवडण्यापासून, आणि ही निवड बाहेरून दिसते तितकी सोपी नाही. वर्गात पंधरा मुलगे आणि चार मुली असतात, किंवा उलट. प्रत्येकाला काम मिळायला हवं, कारण प्रत्येकाची परीक्षा आहे. मराठी नाटकांच्या पुस्तकांच्या यादीत अशा वेळी फार कमी नावं उरतात. दिवाणखान्यातली नाटकं बाद होतात, त्यांत सहा माणसं. मग समूहाची नाटकं पुढे येतात. 'घाशीराम', 'महानिर्वाण', खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा', पु. लं.चं 'तीन पैशाचा तमाशा', व्यंकटेश माडगूळकरांचं 'देवाजीने करुणा केली'. शेवटची तिन्ही ब्रेख्टवरून आलेली. ब्रेख्ट मराठीत एवढा रुजला याचं एक कारण हेही आहे की तो पुष्कळ लोकांना एकाच वेळी काम देतो, आणि कामकरी माणसं रंगमंचावर आणतो. बायकांच्या भूमिकांचा प्रश्न त्यानं सुटत नाही. मराठी नाट्यवाङ्मयात वीस ते पंचवीस वयाच्या मुलींसाठी ताकदीच्या भूमिका कमी आहेत. वर्गातल्या चार मुलींनी एकाच 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे आळीपाळीनं करावी, ही वेळ येता कामा नये. नव्या लेखकांना मी हे कळकळीनं सांगतो : विद्यापीठांतल्या या मुली तुमच्या नाटकाची वाट पाहत आहेत.

नाटक ठरलं की दिग्दर्शक. कधी विभागातले शिक्षक, कधी बाहेरून बोलावलेला दिग्दर्शक. बाहेरचा आला की विभागाची हवाच बदलते. त्याला अभ्यासक्रमाची घाई नसते, त्याची स्वतःची एक पद्धत असते, आणि मुलांना पहिल्यांदा कळतं की तालीम करण्याची एकच रीत नसते. एकजण महिनाभर नुसतं वाचन घेतो. दुसरा संहिता हातात देतच नाही, आधी दोन आठवडे शरीरावर काम करून घेतो. चार वर्षांत अशा चार-पाच दिग्दर्शकांच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी पुढे कुठेही उभा राहू शकतो.

'घाशीराम'ची तालीम पाहिली तर समूहनाट्य म्हणजे काय ते नीट कळतं. त्यातली माणसांची भिंत सगळ्यांना माहीत आहे. बारा ब्राह्मण एका रांगेत डोलत उभे राहतात. त्यांच्याआडून नाना फडणवीस येतो, त्यांच्याआड माणसं लपतात, भिंत फुटते आणि तिचीच गर्दी होते, देऊळ होतं, पुण्याचा रस्ता होतो. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला, तेव्हा कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या या हालचाली आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत यांनी लोक थक्क झाले होते. विद्यार्थी हे करायला जातात तेव्हा पहिले काही दिवस भिंत उभीच राहत नाही. प्रत्येकजण आपापला डोलतो. कुणाचा डावा पाय आधी, कुणाची मान जास्त, कुणी प्रेक्षकांत कोण बसलंय ते तिरप्या नजरेनं पाहतो. दिग्दर्शक मग संगीत बंद करायला लावतो आणि फक्त श्वास ऐकायला सांगतो. शेजारच्यानं श्वास घेतला की आपण घ्यायचा. तासभर दुसरं काही नाही. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा, खिडकीतून येणारं ऊन आणि बारा पोरं खांद्याला खांदा लावून श्वास मोजत उभी. मग कधीतरी एका क्षणी बाराही जण एकदम डावीकडे झुकतात, कुणी न सांगता. त्या दिवसापासून भिंत उभी राहते. त्यांतल्या कुणाचंही नाव जाहिरातीत येणार नसतं, पण दुसऱ्याच्या लयीत आपली लय मिसळायची ही शिकवण जन्मभर पुरते.

'महानिर्वाण' वेगळी परीक्षा घेतं. १९७४ चं हे नाटक. भाऊराव मेलेले आहेत आणि कीर्तन करत स्वतःच्या मरणाची कथा सांगतात. जुन्याच स्मशानात आपल्याला जाळावं हा त्यांचा हट्ट. विशीतल्या मुलानं प्रेताची भूमिका करायची, तीही उभं राहून, गात, चाळीतल्या साठ वर्षांच्या माणसाची बोली जिभेवर घोळवत. ज्यानं कधी कीर्तन ऐकलेलं नाही त्याला आधी देवळात पाठवावं लागतं. पूर्वरंग कसा रंगवतात, बुवा श्रोत्यांकडे कधी पाहतात, हसू आल्यावर किती वेळ थांबतात, हे सगळं बघून यावं लागतं. ललित कला केंद्रात संगीत शिकणारी मुलं शेजारच्याच खोलीत असतात, हा त्या जागेचा मोठा फायदा आहे. पेटीवाला, तबलजी तिथेच मिळतो आणि नाटकातलं गाणं भाड्यानं आणलेलं वाटत नाही.

तंत्राच्या बाजूकडे प्रेक्षकांचं लक्ष कमी जातं. विद्यापीठाच्या हंगामात नेपथ्य बांधणारे, कपडे शिवून घेणारे, लाइट लावणारे सगळे विद्यार्थीच असतात. आज जो राजा झाला तो उद्याच्या प्रयोगाला विंगेत प्रॉपर्टीचं टेबल सांभाळतो. शिडीवर चढून स्पॉट फिरवणारी मुलगी आठवड्यापूर्वी नायिका होती. मोठ्या नाट्यगृहात नटाला आपल्यावर प्रकाश कुठून येतो ते माहीत नसलं तरी निभतं. इथे त्यानं स्वतः ती केबल ओढलेली असते. ललित कला केंद्राच्या अंगणमंचासारख्या उघड्या जागेत तर विंगा नाहीत, पडदा नाही, प्रेक्षक हातभरावर. संध्याकाळी परतणाऱ्या पाखरांचा कलकलाट सुरू झाला की नटाला आवाज चढवावा लागतो, आणि उघड्यावर आवाज टाकायचा सराव होतो तो असाच.

विद्यापीठांच्या रंगमंचांनी मराठी आणि इतर भारतीय नाटकं दूरवरही पोहोचवली. गिरीश कार्नाडांनी 'नागमंडल' लिहिलं ते शिकागो विद्यापीठात अभ्यागत म्हणून असताना, आणि त्याचा पहिला प्रयोग तिथल्याच विद्यापीठाच्या रंगमंचावर विद्यार्थ्यांनी केला. मिनीॲपोलिसच्या गथ्री थिएटरसारख्या मोठ्या व्यावसायिक संस्थेनं ते हाती घेतलं ते पाच वर्षांनी, १९९३ मध्ये. 'बेगम बर्वे'चा इंग्रजी प्रयोग आळेकरांनी २००५ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या नाट्यविभागात बसवला. संगीत नाटकाच्या आठवणींत जगणारा एक स्त्रीपार्टी नट, उदबत्त्या विकून पोट भरणारा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मुलांनी उभा केला. बालगंधर्वांचा काळ ज्यांना ऐकूनही माहीत नाही अशांनी. हा धोका विद्यापीठानंच घ्यायचा असतो, आणि घेतला.

आता एका कठीण गोष्टीकडे येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा एक प्रयोग चालू असताना बंद पाडण्यात आला. रामलीला करणाऱ्या नटांचं पडद्यामागचं बोलणं हा त्याचा विषय होता. विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली, दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. त्या प्रयोगाच्या बऱ्यावाईटाविषयी मतं असू शकतात, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर ते सांगायचा हक्कही त्यांना आहे. पण शिकणाऱ्या मुलांचा परीक्षेचा प्रयोग मध्येच थांबवणं आणि त्यांना पोलीस ठाण्यात नेणं, हे मला अमान्य आहे आणि ते इथे लिहिलंच पाहिजे. प्रयोग संपू द्यावा, मग उठून बोलावं, लिहावं, वाद घालावा. विद्यापीठात प्रयोगानंतर चर्चा ठेवतात ती याचसाठी. 'घाशीराम'ही एकोणीस प्रयोगांनंतर त्याच्या स्वतःच्याच संस्थेनं, पीडीएनं, थांबवलं होतं. ते करणाऱ्या मंडळींनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकादमी काढली, १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं आणि पुढे युरोपात गेलं. ती मंडळी कमावती होती, संस्था काढू शकली. विद्यार्थ्याला अशी सोय नसते. त्याच्या मागे विद्यापीठानंच उभं राहायला हवं, आणि विद्यापीठ डगमगलं तर प्रेक्षकांनी.

हंगामात उणिवा आहेत. सर्वांत मोठी म्हणजे प्रयोगांची संख्या. दोन महिने राबून उभं केलेलं नाटक एक किंवा दोन प्रयोगांत संपतं. नट पहिल्या प्रयोगात घाबरलेला असतो, दुसऱ्यात सावरतो, आणि तिसरा होतच नाही, जो त्याला खरं काही शिकवणार होता. प्रत्येक निर्मितीचे निदान पाच प्रयोग व्हावेत, त्यांतला एक तरी विद्यापीठाच्या आवाराबाहेर, तालुक्याच्या गावी. दुसरी उणीव नोंदींची. कुणी काय केलं, नेपथ्याचा आराखडा कसा होता, संहितेत काय बदललं, याची कागदपत्रं बहुतेक ठिकाणी कपाटात गठ्ठ्यांनी पडून आहेत, कुठे तीही नाहीत. उद्या कुणाला मराठी रंगभूमीचा या काळातला इतिहास लिहायचा झाला तर व्यावसायिक नाटकांच्या जाहिराती सापडतील, विद्यापीठांतले प्रयोग सापडणार नाहीत. एक चित्रफीत, दिग्दर्शकाची वही, दहा छायाचित्रं आणि सहभागी मुलांची नावं, एवढं दर नाटकामागे जपायला फार खर्च येत नाही. विद्यापीठांच्या कुलगुरूंना आणि सांस्कृतिक खात्याला माझी विनंती आहे की त्यांनी हे काम मार्गी लावावं. नाट्यविभागांना कायम शिक्षक द्यावेत, ही त्याहून मोठी विनंती. तासिका तत्त्वावर नेमलेला माणूस हंगाम उभा करू शकतो, विभाग उभा करू शकत नाही.

या पुस्तिकेत पुढे नाटकांविषयीची टिपणं आहेत, ती प्रयोगाआधी वाचावीत की नंतर हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी नंतर वाचतो. वाचकहो, तुमच्या शहरात नाट्यविभाग असेल तर त्याच्या हंगामाची चौकशी करा. बहुतेक प्रयोगांना तिकीट नसतं, आणि पहिल्या घंटेच्या आधी पोहोचलात तर पुढे बसायला मिळतं. घरातल्या मुलांना आणा. प्रयोग संपला की लगेच उठू नका. चर्चेला थांबा, काय आवडलं ते सांगा, आणि जे आवडलं नाही ते तर नक्की सांगा. त्या मुलांना परीक्षकांचे गुण मिळणारच आहेत, तुमचं मत त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार नाही.